मुनशीचं पोतं

पिंजणाचा आवाज आला की माझा हात थांबतो. मग तो पिठात असो, नाहीतर वहीत. आज सकाळी लोहाऱ्याच्या वाटेने एक पिंजारी आला. खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण, त्याच्या तातेवर बोट मारीत चाललेला. तंय्य, तंय्य. शेजारच्या बाईंनी त्याला हाक मारून अंगणात बसवलं आणि जुनी गादी उसवून त्याच्यापुढे टाकली. मी माझ्या दाराशी दिवसाची यादी लिहीत बसले होते. चार कामं लिहून झाली होती. पाचवं आठवेना.

म्हणजे हंगाम आला. डोळ्यांना तो आठवड्यापूर्वीच दिसला होता. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला होता. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, झाड फुललंय. कापसाच्या गाड्या बाजूच्या बल्ल्यांबाहेर फुगवून भरलेल्या असतात, जाता जाता काट्यांना घासतात, आणि प्रत्येक बाभूळ आपला वाटा काढून घेते. कुंपणं, नाल्या, तारा, बायकांच्या वेण्या, सगळ्यांवर पांढरे तंतू. जिनाच्या कारखान्याच्या बाजूने सरकीचा तेलकट वास. सकाळी शाल लागते आणि दुपारी सावली. सगळ्या जिल्ह्याला या दिवसांत उल्हास असतो. मलाही असायचा. एका हिवाळ्यापासून नाही.

तो हिवाळा पांढरकवड्याचा. नागपूरचं राज्य जाऊन मुंबईचं आलं होतं, दवाखान्यातले छापील तक्ते बदलत होते, आणि मला तर वही आखायला निमित्तच हवं असायचं. मी तिथे नर्स होते. पस्तिशीच्या आसपास, एकटी, आणि आज आहे तशीच तेव्हाही: उठल्यावर यादी, झोपताना खुणा. दवाखान्यातल्या चादरी, उकळलेल्या सुया, फडकी यांच्या याद्या कोणीही ठेवील. मी घरच्याही ठेवायची. तुरीच्या डाळीला ऊन कधी दाखवलं, लोणच्याची बरणी कधी हलवली, पावसाळ्यात भिंत कुठे ओलावली. वही एकच, पण दोन्ही टोकांनी लिहायची. पुढून करायची कामं, मागून नुसत्या नोंदी. दोन्ही बाजू कधी भेटत नसत. मधली पानं कोरीच राहत आणि वर्ष संपलं की नवी वही येई. ही मला तेव्हा शिस्त वाटायची.

पिंजाऱ्यांच्या गल्लीत माझी एक खोली होती, तिला जोडून स्वयंपाकघर आणि मागे हातभर परस. परसाच्या भिंतीपलीकडे रहीमचाचांची छपरी. चाचा पिंजारी. पावसाळाभर ते रिकामे असायचे आणि थंडीत त्यांना जेवायला फुरसत नसायची. गावातल्या निम्म्या गाद्या-रजया त्यांच्या हातच्या. छपरीत रुईचा ढीग, ढिगापुढे चाचा उकिडवे बसलेले, डाव्या हातात पिंजण, उजव्या हातात लाकडी ठोकळा. ठोकळा तातेवर पडला की रुईतून धूर निघावा तसा कापूस उडायचा. संध्याकाळपर्यंत चाचांच्या भुवया आणि दाढी एकाच रंगाची व्हायची. त्यांची बायको खतिजाबी दाराशी बसून गाद्यांना टाके घालायची आणि तोंडाने गल्लीचा कारभार बघायची.

या दोन घरांमधल्या भिंतीवर बोके यायचे.

पाळीव नव्हते ते. जिनाच्या गोदामांतले उंदीर, खाटकाच्या दुकानामागचे तुकडे, उकिरडे यांवर वाढलेले. मादी आणि पिल्लं लोकांच्या घरात शिरतात, कोणीतरी त्यांना दूध घालतं. बोक्याला कोणी घालत नाही. तो लहानपणीच घराबाहेर पडतो आणि मग सगळ्या गावाचे दगड खातो. मी आल्यावर पहिल्याच महिन्यात वहीच्या मागच्या बाजूला तिघांची नोंद केली, खाटांना देतात तसे नंबर देऊन. नंबर एक: करडा, उजवा कान अर्धा, माणूस दिसताच पसार. नंबर दोन: तांबूस पट्ट्यांचा, डोकं गाडग्याएवढं, पुढच्या पायाने जरा लंगडतो. नंबर तीन: काळा. हा तिसरा दिवाळीनंतर आलाच नाही. त्याच्यापुढे मी "दिसत नाही" लिहिलं आणि पान उलटलं.

मला मांजरांची हौस होती असं नाही. घरात एकदा उंदराने गॉजची गुंडाळी कुरतडली, म्हणून बोके भिंतीवर टिकावेत एवढाच हेतू. जर्मनची एक वाटी घेतली, तिच्यात दूध आणि ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा, आणि भिंतीच्या टोकाला ठेवून आले. ठेवताना चमच्याने वाटीवर दोनदा वाजवायची. सकाळी सहाला, संध्याकाळी सहाला. दर दोन दिवसांनी वाटी चार बोटं अलीकडे.

बोका माणसाळतो तो दुधाने नव्हे, वेळेने. आणि माझ्याजवळ वेळ पाळण्याशिवाय दुसरं होतं काय? नंबर एक वाटी भिंतीच्या मध्यावर येताच थांबला. त्यापुढे तो एक बोटही आला नाही. मी आत गेल्यावर यायचा, खायचा, जायचा. नंबर दोन मात्र वाटीमागून चालत आला. भिंतीवरून खाली, तुळशीजवळ, पाण्याच्या रांजणाशी, उंबऱ्यावर. एका संध्याकाळी मी यादी लिहीत होते आणि तो वहीपासून वीतभर अंतरावर पुढचे दोन्ही पाय छातीखाली मुडपून बसला. डोळे मिटलेले, पण माझ्या टाकाच्या आवाजाकडे कान.

खतिजाबी भिंतीवरून डोकावली. "देखो तर," ती म्हणाली, "हा तुमचा बोका नाही बाई, मुनशी आहे. तुम्ही लिहून राह्यल्या, तो तपासून राह्यला."

गल्लीत तेच नाव पडलं. मी मात्र वहीत नंबर दोनच लिहीत राहिले. नाव ठेवलं की ते आपलं होतं, आणि मला काही आपलं करायचं नव्हतं.

पिंजणाला तो आधी फार भ्यायचा. पहिल्या ठोक्याला शेपूट फुलवून माझ्या चुलीमागे. मग सवय झाली. मग तर तो भिंतीवर बसून चाचांचं काम बघायला लागला. तात बकऱ्याच्या आतड्याची असते, वास त्याला कळत असणारच. चाचा म्हणायचे, हा गाणं ऐकायला येत नाही, मटण ऐकायला येतो. "बाई, तुमच्या मुनशीनं माही तात खाल्ली त मी त्याचीच मिशी तानून पिंजीन." आणि दुपारच्या भाकरीतला तुकडा त्याच्याकडे टाकायचे. मिशांवर रुईचे तंतू घेऊन तो घरी यायचा. मी ते चिमटीने काढायची. तो मान वर करून द्यायचा.

हात थांबतो तो इथे. ती वर केलेली मान आठवते म्हणून.

बाकी जगाला त्याने कधी मान वर करून दिली नसेल. त्याचाही एक कान फाटला होता, पाय मोडून आपोआप वाकडा जुळला होता, पाठीवर उकळत्या पाण्याचा जुना डाग होता. नर्सच्या डोळ्यांनी मी त्याच्या अंगावरून त्याचं सगळं आयुष्य वाचलं होतं. कार्तिकात एकदा तो कुठेतरी मोठी मारामारी करून आला. दोन दिवसांनी गालावर लिंबाएवढं गळू. डोळा बंद. मी पाणी उकळलं, लाल औषध टाकलं, त्याला टॉवेलात गुंडाळलं. खतिजाबीने धरला. धरताना ती सारखी त्याला समजावत होती, शमीमचे कान टोचले तेव्हा शमीम तरी रडली होती, तू तर मर्द आहेस. शमीम तिची मुलगी, त्या हिवाळ्याच्या शेवटी तिचं लग्न होतं. गळू फुटलं, धुतलं, पट्टी बांधली. बोका पट्टी ठेवत नाही, म्हणून चार दिवस त्याला स्वयंपाकघरात कोंडून ठेवला. दार-खिडकी बंद, कोपऱ्यात राखेची पाटी. चार दिवसांत त्याने राखेबाहेर एकदाही घाण केली नाही. याचं मला इतकं कौतुक की मी मागच्या पानावर लिहून ठेवलं. चुलीजवळ सरकीचं रिकामं पोतं होतं, ते त्याचं अंथरूण झालं. जखम भरली, दार उघडलं, तरी रोज निजायला तो त्या पोत्यावरच यायला लागला.

इथे शेजारच्या अंगणात पिंजारी ठोकतो आहे. याच्या ठोक्याला चाचांची लय नाही. हा घाईत आहे, दिवसाला चार घरं करायची असणार. चाचा तीन हलके ठोके द्यायचे आणि एक पूर्ण. त्या लयीवर माझी भाकरी थापली जायची.

तर शमीमचं लग्न. चाचांनी लेकीसाठी दोन गाद्या आणि एक रजई करायला घेतली होती. लोकांचं काम संपल्यावर उरलेल्या वेळात. त्यासाठी पहिल्या वेच्याचा कापूस निवडून घेतला, रुई वेगळी काढली आणि छपरीच्या आतल्या कोपऱ्यात पांढऱ्या चादरीखाली झाकून ठेवली. त्या रुईला ते कोणाला हात लावू देत नसत. खतिजाबी म्हणायची, बाप लेकीला इतकं जपत नाही जितकं तिच्या गादीला जपतो.

त्या रुईवर एक बोका मुतू लागला.

ज्याने तो वास एकदा घेतला आहे त्याला सांगायला नको. मांजराचा वेगळा, बोक्याचा वेगळा. बोका हद्द आखण्यासाठी उडवतो तो वास धुऊन जात नाही, उन्हाने जात नाही, आणि रुईला लागला तर तेवढी रुई गेलीच. ढिगातून ओंजळभर काढून टाकावी तर खाली आणखी ओली निघते. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. छपरीच्या पत्र्याखाली फट होती, तिथून येत असणार.

चाचांनी मला हे भिंतीवरून सांगितलं, पण तक्रार म्हणून नाही. ते म्हणाले, "मांजर घरचं जनावर, बाई. त्याचं तोंड लागलेलं पानीबी चालते आमाले. पन हे नाही ना चालत." आणि मग हसून, "शमीमच्या सासरी म्हनतील, सून आनली का बोका आनला?"

मीही हसले. आत आले आणि वहीच्या पुढच्या बाजूला लिहिलं: रहीमचाचांची रुई, बोका, बंदोबस्त.

पुढे जे झालं ते या एका ओळीमुळे. चाचांनी मला काही करायला सांगितलं नव्हतं. पण माझ्या यादीत आलेलं काम व्हावंच लागे. दर वेळी चाचा सांगत आणि दर वेळी मी त्या ओळीखाली वार लिहीत गेले. शनिवार, पुन्हा. बुधवार, पुन्हा. सोमवार, पुन्हा. पत्र्याची फट बुजवायला मी चाचांना सांगितलं, त्यांनी विटा लावल्या, विटा सरकल्या. मला शेजारधर्माची लाज वाटू लागली. रोज दोन वेळा वाटी वाजवून बोके गल्लीत बोलावले कोणी? मी. मग निस्तरायचं कोणी?

बोका गावाबाहेर सोडायची आपल्याकडे एक रीत आहे. पोत्यात घालायचा, पोतं तीनदा गरकन फिरवायचं म्हणजे त्याची दिशा चुकते, आणि पाणी ओलांडून पलीकडे सोडायचा. पाणी ओलांडलेला बोका माघारी येत नाही म्हणतात. मी दवाखान्यातली बाई, असल्या गोष्टींना हसणारी. पण सोय म्हणून ती रीत मला पटली. झरीकडच्या एका तांड्यावरचा थावराभाऊ दर दहा-बारा दिवसांनी कापसाची गाडी घेऊन जिनात यायचा. त्याच्या बायकोचं बाळंतपण मी केलेलं, म्हणून येताना मला काही ना काही आणायचा, कधी मोहाची फुलं, कधी वाल. जाताना त्याची गाडी रिकामी. वाटेत खुनी नावाची नदी. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, त्यात काय याडी, बोका काही बैल नाही, बसेल गाडीत. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तो माझ्याहून दोनच वर्षांनी लहान असेल.

आता कोणता बोका पकडायचा, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. हे मी फार वर्षं तपासून पाहिलं आहे. खरंच विचारला नाही. नंबर एक कोणाच्या हाताला लागत नव्हता. नंबर दोन लागत होता. पकडण्याजोगा एकच बोका होता, म्हणून गुन्हेगारही एकच झाला.

थावराभाऊची गाडी निघायची त्या सकाळी मी यादी केली. ती मला आजही तोंडपाठ आहे. पोतं. सुतळी, दोन हात. पोत्याला हवेसाठी भोकं. खतिजाबीकडून छिछडे. थावराभाऊ, साडेसातला. छिछडे म्हणजे मटणातले टाकाऊ तुकडे. मी ते पोत्याच्या तळाशी टाकले. पोतं त्याचंच, चुलीजवळचं. मी तोंड उघडून धरलं, आणि मुनशी आपल्या अंथरुणात शिरावं तसा आत शिरला. मी सुतळी बांधली. त्याने धडपड केली नाही. आतून घुरघुर ऐकू येत होती. खाताना तो नेहमी घुरघुरायचा.

थावराभाऊने पोतं तीनदा फिरवलं. घुरघुर थांबली. त्याने ते गाडीत गवतावर ठेवलं, बैलांना हाक दिली आणि गाडी वळणाआड गेली. मला कामावर जायचं होतं. जाण्याआधी मी वहीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. निबेची शाई जरा जास्त आली होती, खूण ठसठशीत उमटली.

खतिजाबी त्या दिवशी भिंतीवरून डोकावली नाही. संध्याकाळी सहाला मी सवयीने वाटी वाजवली. भिंतीवर नंबर एक आला. मी आत जाईपर्यंत तसाच उभा राहिला.

आठ-नऊ दिवस गेले. चाचा रोज भेटायचे. गादी कुठवर आली, मी विचारायची. चालून राह्यलं, ते म्हणायचे. रुईबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं, काम नीट झालं. मग एका सकाळी खतिजाबी गल्लीच्या टोकाला काहीतरी जाळत होती. कापूस जळतो तेव्हा ज्वाळा होत नाही, नुसता धुमसतो. त्या धुराला तो वास होता. मी जवळ गेले. तिने पायाने राख लोटली आणि दुसरीकडे बघितलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुमचा मुनशी गेला, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून," ती म्हणाली. "यांनी सांगू नोको म्हटलं. बाईले वाईट वाटेल म्हणे."

मी घरी आले आणि वही उघडली. पुढची बाजू. शनिवार, पुन्हा. बुधवार, पुन्हा. सोमवार, पुन्हा. मग वही उलटी केली. मागची बाजू. नंबर दोन: गळू, सोमवारपासून स्वयंपाकघरात कोंडला. बुधवार, पट्टी बदलली. गुरुवार, दार उघडलं. राखेबाहेर घाण नाही, शहाणा आहे.

बुधवार. दोन्हीकडे तोच बुधवार. चाचांच्या रुईवर बोका मुतला त्या दिवशी मुनशी माझ्या स्वयंपाकघरात, बंद दाराआड, गालावर पट्टी घेऊन पोत्यावर बसला होता. चाचांनी सांगितलं तेव्हा मी त्याचीच पट्टी बदलून हात धूत होते. ओल्या हाताने पुढचं पान काढून मी लिहिलं: बुधवार, पुन्हा. अक्षर फुटलेलं आहे त्या ठिकाणी.

लोक म्हणतात, लिहिलं की लक्षात राहतं. माझं उलट आहे. लिहिलं की ते माझ्या डोक्यातून जातं, मोकळं वाटतं, म्हणूनच तर मी लिहिते. त्या निरपराध जनावराची साक्ष माझ्याच हातची होती आणि ती मी वहीला देऊन मोकळी झाले होते. मध्ये चाळीस कोरी पानं.

चाचांकडे गेले. ते शमीमची रजई पिंजत होते. मी सगळं सांगितलं, वहीतले दोन्ही बुधवार दाखवले. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही पानं नीट बघितली. मग पिंजण मांडीवर आडवं ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "म्या त हसून राह्यलो होतो. त्याले पाठवा म्हनून कवा म्हनलं तुमाले?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं.

पुढच्या खेपेला थावराभाऊ आला तेव्हा त्याने आधी पोतं परत दिलं. नीट घडी घातलेलं, सुतळी त्यात ठेवलेली. उसनं नेलेलं पोतं परत करायचं असतं. मी विचारलं, कुठे सोडलंस?

"नदीपल्याड, नाल्याच्या वळनावर. पोतं सोडलं त तो भाईर आला. मले वाटलं पळते आता. पळालाच नाही, याडी. गाडीखाली जाऊन बसला. म्या हाकललं. गाडी हाकली. त मागून चालून राह्यला."

"किती लांब?"

"दोन वावरं असतील. लंगडत होता थोडा. मग बैल पळवले म्या. काय करू, तुमीच म्हनलं होतं ना, येऊ देजो नोको म्हनून."

म्हटलं होतं. तेही मीच म्हटलं होतं.

रविवारी मी त्याच्या गाडीत बसून गेले. बरोबर जर्मनची वाटी, चमचा, दूध आणि ते पोतं. नाल्याचं वळण थावराभाऊने दाखवलं. एका अंगाला तुरीचं वावर, तूर पिवळ्या फुलांवर आलेली, दुसऱ्या अंगाला सागाचं रान सुरू. बाभळींवर कापूस. मी वाटी वाजवली. टिण टिण. उघड्यावर तो आवाज इतका लहान झाला. परसात तो सगळीकडे पोचायचा. मला हाक मारायची होती आणि लक्षात आलं, मी त्याला कधी हाकच मारली नव्हती. नंबर दोन म्हणून कोणाला हाक मारता येत नाही. मग मी मुनशी म्हटलं. आधी हळू, मग मोठ्याने. सागाची पानं गोळा करणाऱ्या दोन कोलाम बायका उभ्या राहिल्या. त्यांनी थावराभाऊला विचारलं, बाईचं कोण हरवलं? त्याने काय सांगितलं मला कळलं नाही, पण त्या हसल्या नाहीत. एकीने मला हाताने खूण केली की रानात कोल्हे आहेत.

ऊन उतरेपर्यंत थांबले. जिथे बोक्याला हाकललं होतं तिथे वाटी ठेवली, दूध ओतलं. पोतं मात्र ठेववेना. ते परत आणलं.

शमीमचं लग्न झालं. दोन गाद्या, एक रजई, पांढऱ्याशुभ्र, वासाचा मागमूस नाही. चाचांनी रुई शेवटी माझ्या खोलीत, माझ्या खाटेखाली ठेवली होती. इतका साधा उपाय. मला सुचला नव्हता, कारण माझ्या यादीत "बंदोबस्त" लिहिलं होतं, "जागा" नाही. नंबर एक माझी पुढची बदली होईपर्यंत त्या भिंतीवर होता. त्याला मी दूध घालत राहिले. वाटी एक बोटभरही अलीकडे घेतली नाही. तो कोणाच्याही पोत्यात सापडला नाही.

मांजरांवर माया करणारी माणसं माणसाळलेल्या बोक्याची गोष्ट अभिमानाने सांगतात. किती रानटी होता, आता मांडीवर बसतो. मला ती गोष्ट ऐकवत नाही. अशा जनावराजवळ स्वतःला वाचवण्याचं एकच साधन असतं, ते म्हणजे माणसापासूनचं अंतर. ते मी दर दोन दिवसांनी चार बोटं असं काढून घेतलं, मोजून, लिहून. आणि ते संपलं त्या जागी पोतं उघडून धरलं.

यवतमाळला येऊन मला सात वर्षं झाली. ते पोतं माझ्याकडे आहे. त्यात मी काही भरत नाही. इथल्या मागच्या भिंतीवर यंदा एक बोका येतो, पांढरा, पाठीवर काळा ठिपका, अजून कोवळा. मी दूध ठेवते, भिंतीच्या टोकाकडे, आणि दार लावून घेते. वाजवत नाही. पण जनावर शहाणं असतं. परवा मी दार उघडलं तर तो वाटी सोडून खाली आला होता, रांजणाजवळ. काल उंबऱ्याशी. मिशीला बाभळीवरचा असावा असा कापसाचा एक तंतू. माझी चिमटी आपोआप पुढे झाली. त्याने मान वर केली.

मी पाय आपटला. तो उडाला, भिंतीवर गेला आणि तिथून माझ्याकडे बघत राहिला.

शेजारी पिंजाऱ्याचं काम आटोपलं आहे. गादी फुगून दुप्पट झाली आहे आणि बाई तिच्यावर हात दाबून बघताहेत. मी वही पुन्हा उघडली. पाचवं काम आठवलं. लिहिलं: वाटी, चार बोटं मागे.